‘मी मजेत आहे, काळजी नसावी’

हॉस्टेलवरून घरी फोन लावलाय. मेसचं जेवण बेकार, इंटर्नलमध्ये दांडी उडालेली, त्यात रूममेटशी भांडण. पण आईने ‘सगळं बरं ना?’ विचारलं की आपलं ठरलेलं उत्तर, ‘एकदम मजेत!’ ही थाप आपल्याच पिढीची आहे असं वाटत असेल, तर पावणेदोनशे वर्षं मागे जाऊया. थेट ऑस्ट्रेलियात.

१८५१ मध्ये व्हिक्टोरिया या ब्रिटिश वसाहतीत सोनं सापडलं. बॅलरॅट, बेंडिगो ही नावं इंग्लंड-आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत पोचली आणि पोरं निघाली. बरेचदा सख्खे भाऊ जोडीनेच. जहाजात तीनेक महिने काढायचे, मग तंबू, चिखल आणि खड्डे. सोनं मिळो न मिळो, खणण्याच्या परवान्याचे महिन्याला ३० शिलिंग मात्र सरकारला मोजायचे.

आणि घरी पत्र लिहायचं. टपालखर्च वजनावर, म्हणून काही जण पान भरलं की तेच आडवं फिरवून लिहिलेल्या ओळींवरच पुन्हा लिहीत. एवढी काटकसर करून त्यात असायचं काय? पिठाचा भाव, मजुरी, हवापाणी, गावचं कोण भेटलं ते. कारण पत्र एकट्याचं नसायचं. ते घरात मोठ्याने वाचलं जायचं, शेजारीही ऐकायला यायचे. तिथे ‘रात्री रडू येतं’ असं कोण लिहिणार?

खरी पंचाईत व्हायची ती मागे राहिलेल्या भावंडांना लिहिताना. धाकट्याला ‘ये’ म्हणायचं की ‘नको येऊस’? वसाहतीत राहणाऱ्याने थोडी रक्कम आधी भरली, तर नातेवाइकांना सरकारी मदतीच्या तिकिटावर बोलावता यायचं. म्हणजे ‘ये’ हा नुसता शब्द नव्हता, ती जबाबदारी होती. इथे येऊन त्याचं वाटोळं झालं तर?

पीटर आणि रिचर्ड लेलर या आयरिश भावांचंच बघा. १८५२ मध्ये दोघं मेलबर्नला उतरले. रिचर्ड मायदेशी परतला, पुढे ब्रिटिश संसदेत खासदार झाला. पीटर खाणीवर राहिला. परवान्याच्या जाचाविरुद्ध बॅलरॅटचे खाणकामगार उठले तेव्हा तो त्यांचा म्होरक्या होता. ३ डिसेंबर १८५४ च्या पहाटे युरेका स्टॉकेडवर सैन्य चालून आलं. पीटरला गोळी लागली, डावा हात कापावा लागला. त्याला पकडण्यासाठी बक्षीस लागलं. पण आयर्लंडला बातमी पोचायची जहाजाच्या वेगाने! घरचे काळजी करायला लागेपर्यंत इथे जखमही भरून आलेली असणार. (हाच पीटर पुढे व्हिक्टोरियाच्या विधानसभेचा अध्यक्ष झाला.)

चीनच्या ग्वांगडोंगहून आलेल्यांची वाट आणखी बिकट. १८५५ च्या कायद्याने व्हिक्टोरियात उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंडांचा कर बसला. तो चुकवायला हजारो जण शेजारच्या वसाहतीत, रोब बंदरावर उतरले आणि शेकडो किलोमीटर चालत खाणींवर गेले. परदेशी गेलेल्या चिनी माणसांची घरी पैशांसोबत पाठवलेली पत्रं युनेस्कोने २०१३ मध्ये ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ यादीत घेतली.

आणि ज्यांची पत्रं आलीच नाहीत? मेलबर्नच्या वर्तमानपत्रांत हरवलेल्या माणसांच्या शोधाच्या जाहिराती छापून यायच्या. कुणी मेलं होतं, कुणी दुसऱ्या खाणीवर गेलं होतं. कुणाला रिकाम्या हाताने काय लिहावं हेच सुचत नव्हतं. घरच्यांना मात्र तिन्हींचा अर्थ एकच दिसायचा, पत्र नाही.

आपल्याला दोन सेकंदांत ब्लू टिक दिसते. तरी आपण ‘मजेत’च टाइप करतो. आईला सांगवत नसेल तर ठीक आहे. पण घरात एक ताई असते, एक दादा असतो. आज रात्री त्यातल्या एकाला फोन लावा आणि पिठाचा भाव सोडून बोला.