शुक्र, मंगळ आणि आमची काळी

मागें एकदां पहांटेच्या सुमारास आम्ही कंधारच्या जगत्तुंग समुद्राच्या कांठानें फिरावयास निघालों होतों. राष्ट्रकूटांच्या काळचा हा तलाव. पूर्वेस शुक्राची चांदणी ठळक उगवली होती आणि तिचें प्रतिबिंब पाण्यांत पडलें होतें. शेताकडे निघालेले आमच्या ओळखीचे एक वृद्ध शेतकरी क्षणभर थांबले व म्हणाले, "भाऊसाहेब, नातू म्हणतो, माणसं आता मंगळावर ऱ्हायला जाणार. तिथं माती हाय का वो? आन् ह्या चांदणीवर?"

प्रश्न साधा, परंतु आम्हांस तेथल्या तेथें उत्तर देतां आलें नाहीं. महसूल खात्याच्या कारकुनींत आमचें आयुष्य गेलें. जमीन म्हटली म्हणजे तिची खोली, उतार, निचरा, पाण्याची सोय व दोष पाहून मग तिची प्रत ठरवावयाची, ही जडलेली खोड. तेव्हां घरीं येऊन जीं पुस्तकें मिळालीं तीं वाचलीं, आणि बांधाला बांध लागून असलेल्या दोन शेतांची पाहणी करावी, तशी या दोन ग्रहांची केली. तीच आज वाचकबंधूंपुढें ठेवीत आहों.

प्रथम हद्दी पाहूं. सूर्यापासून शुक्र सुमारें १० कोटी ८० लक्ष किलोमीटर, पृथ्वी १५ कोटी आणि मंगळ २२ कोटी ८० लक्ष किलोमीटर अंतरावर आहे. पृथ्वीस जेवढें ऊन मिळतें त्याच्या जवळजवळ दुप्पट शुक्रास, आणि निम्म्याहून थोडें कमी मंगळास मिळतें. यावरून कोणीही म्हणेल कीं, एक शेत उन्हानें करपलें, दुसरें थंडीनें गारठलें, आणि मधलें तेवढें पिकलें. यांत विचार करण्यासारखें काय आहे? आमचाही प्रथम हाच समज झाला होता. परंतु तो पुरा नाहीं. शुक्राभोंवतीं दाट पांढऱ्या ढगांचें आवरण असून त्याजवर पडणाऱ्या उन्हाचा सुमारें तीन चतुर्थांश भाग तें परत फेंकतें. त्यामुळें प्रत्यक्षांत शुक्राच्या वांट्यास येणारें ऊन पृथ्वीच्या उन्हाहूनही कमी भरतें. असें असूनही तेथें रात्रंदिवस सुमारें ४६५ अंश उष्णता आहे. शिसें ३२७ अंशांवर वितळतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे तेथील भट्टीची कल्पना येईल.

आतां मातीचें. आम्हांस सर्वांत अधिक नवल वाटलें तें येथेंच. मार्च १९८२ मध्यें सोव्हिएट रशियाचीं व्हेनेरा १३ व व्हेनेरा १४ हीं यानें शुक्रावर उतरलीं. पहिलें १२७ मिनिटें तग धरून बंद पडलें. परंतु तेवढ्या अवधींत तेथील दगडाची परीक्षा झाली. पुढें २००४ सालीं अमेरिकेची स्पिरिट ही गाडी मंगळावर उतरली, तिनेंही दगड तपासले. दोन्हीं ठिकाणीं निघाला तो बसाल्ट, म्हणजे ज्वालामुखीच्या रसाचा काळा पाषाण. आपल्या विहिरी खणतांना सुरुंग लावून जो फोडावा लागतो, कंधारचा किल्ला ज्या दगडाच्या मुलखांत उभा आहे, त्याचाच भाऊबंद! दख्खनचा आपला पाषाण सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं थरावर थर असा वाहून आला. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सुमारें पावणेदोन किलोमीटर रुंदीचें विवर आकाशांतून आलेल्या पाषाणाच्या आघातानें याच बसाल्टांत पडलें, आणि मंगळावरील विवरें कशीं झालीं हें समजून घेण्यासाठीं शास्त्रज्ञ त्याचा अभ्यास करितात.

म्हणजे कातळ तिन्ही शेतांत एकाच जातीचा. मग येथेंच त्याचा मुरूम होऊन मुरुमाची काळी कां झाली, आणि तेथें कां झाली नाहीं?

उत्तर पाण्याचें आहे. परंतु नुसतें पाणी म्हणून भागत नाहीं. हवेंत कर्बाम्ल वायु असतो, ज्यास आतां कार्बन डायऑक्साइड म्हणतात. तो सूर्याची ऊब धरून ठेवतो, रात्रीं घोंगडी धरते तशी. पावसाचा थेंब खालीं येतांना हा वायु थोडा पोटांत घेतो व किंचित् आंबट होतो. तो आंबट थेंब वर्षानुवर्षें कातळावर पडून कातळास खातो, त्यांतील चुन्याचा अंश सोडवितो, आणि राहिलेल्या चिकण अंशाची आमची काळी होते. सुटलेला चुना त्या वायूस बांधून घेतो. कांहीं चुना तेथेंच जमिनींत गोठून बसतो. बाकीचा मन्याडेंतून मांजरेंत, मांजरेंतून गोदावरींत आणि गोदावरींतून बंगालच्या उपसागरांत जातो. तेथें शंखशिंपले व सूक्ष्म जीव त्याचीं कवचें करितात. तीं तळाशीं सांचून त्यांचा चुनखडी दगड होतो. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांत ज्या चुनखडीच्या खाणी आहेत, तोही फार पुरातन काळीं असाच पाण्याखालीं सांचलेला माल होय.

वाचकांस हें पुस्तकी वाटत असेल तर एक प्रयोग सांगतों. नांगरटींत काळींतून पांढुरके चुनखडे वर येतात. त्यांतील एक फोडून भुगा करावा व त्यावर लिंबाचा रस पिळावा. तो फसफसतो. त्या फसफसण्यांतून निघतो तो हाच वायु. कधीं काळीं तो पावसाबरोबर आकाशांतून उतरला आणि चुन्यानें त्यास आपल्या शेतांत कोंडून ठेविलें. आम्ही त्या वृद्ध गृहस्थांच्या ओसरीवर बसून हा प्रयोग केला. त्यांनीं भुगा निरखून पाहिला व म्हणाले, "म्हंजी ह्यो वाराच की वो, घट झालेला!" याहून नेमकें आम्हांस लिहितां येणार नाहीं.

हें झालें खर्चाचें खातें. परंतु नुसता खर्चच चालला असता तर हवेंतील वायु संपून पृथ्वी गोठली असती. वायूची ही घोंगडी नसती तर पृथ्वीचें सरासरी उष्णमान उणें १८ अंश राहिलें असतें. आज तें सुमारें १५ अंश आहे. म्हणून जमेची बाजू हवीच. पृथ्वीचें कवच अखंड नाहीं. त्याचे मोठमोठे तुकडे असून ते हळूहळू सरकतात. समुद्रतळाचा तुकडा दुसऱ्याखालीं जातो तेव्हां त्याबरोबर चुनखडीही पोटांत जाते, भाजते, आणि तिच्यांतील वायु ज्वालामुखीच्या मुखांतून पुन्हां हवेंत येतो. आमच्या कारकुनी दृष्टीस यांतील खरी खुबी अशी दिसते कीं, हा जमाखर्च आपोआप तोलला जातो. हवा तापली कीं पाऊस वाढतो, कातळ भरभर झिजतो, आणि वायु अधिक खर्ची पडतो. मग हवा निवते. हवा फार गार झाली तर झीज मंदावते, ज्वालामुखींचा वायु सांचतो, आणि ऊब पुन्हां येते. सूर्य आरंभीं आजच्यापेक्षां सुमारें तीस टक्के मंद होता, तरी कोट्यवधि वर्षें पृथ्वीवर पाणी वाहतें राहिलें, याचें एक मोठें कारण हें होय.

ज्या हालचालीनें हें खातें चालतें तिची किंमत मात्र आपल्या मुलखानें मोजिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेश-विसर्जनाच्या रात्रीं चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीची भूमि हादरली आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारें दहा हजार माणसें मातीच्या जड धाब्यांखालीं गेलीं. आम्हीही त्या रात्रीं अंथरुणांतून बाहेर धांवलों होतों. भारताचा भूखंड आजही उत्तरेस वर्षाला सुमारें पांच सेंटिमीटर या गतीनें आशियास रेटीत आहे, आणि त्या रेट्याचा ताण खंडाच्या पोटांतही सांचतो. त्याचाच तो परिणाम. ज्यांचीं माणसें गेलीं त्यांना, या हालचालीवांचून धरित्री ओसाड पडली असती, असें सांगावयास आमची जीभ रेटत नाहीं. म्हणून तें येथें केवळ हिशेबापुरतें नोंदवितों.

आतां शुक्राचें खातें उघडूं. तेथील हवेंत ९६ टक्क्यांहून अधिक हाच कर्बाम्ल वायु असून तिचा दाब आपल्या हवेच्या सुमारें ९० पट आहे. पृथ्वीवरील सर्व चुनखडी भाजून तिच्यांतील वायु मोकळा केला तर येथेंही जवळपास तेवढाच वायु होईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे भांडवल दोघांचें सारखेंच. आपलें दगडांत बांधलेलें, त्याचें सारें उघड्यावर. कारण तेथें तो बांधून घेण्यास पाणी उरलें नाहीं. आपल्याकडे वाफ वर जातांना दहा-पंधरा किलोमीटर उंचीवरच्या कडक थंडीनें गोठते व खालीं परतते. शुक्रावर वाफ त्याहून पुष्कळ उंच चढली, सूर्यकिरणांनीं तिचे घटक वेगळे केले, आणि हलका हायड्रोजन आकाशांत निसटला. जड हायड्रोजन मागें राहिला. त्याचें प्रमाण तेथें पृथ्वीच्या शंभर पटींहून अधिक भरतें. पाणी होतें व गेलें, याची ही साक्ष. पाणी गेलें, कातळ झिजावयाचा थांबला, खर्चाची बाजू कोरी राहिली आणि जमा वाढत गेली.

मंगळाची गोष्ट उलटी. तो वस्तुमानानें पृथ्वीच्या दहावा हिस्सा. लहान भाकर लवकर निवते, तसें त्याचें पोट लवकर थंड झालें. पृथ्वीच्या गर्भांत वितळलेलें लोखंड घुसळतें, त्यामुळें तिच्याभोंवतीं चुंबकाचें कुंपण आहे. मंगळाचें तसें कुंपण सुमारें ४०० कोटी वर्षांपूर्वीं मोडलें. सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या वाऱ्यानें त्याची हवा हळूहळू खरवडून नेली. आज तेथील हवा आपल्या हवेच्या शंभराव्या भागाहूनही विरळ आहे, आणि सरासरी उष्णमान उणें ६० अंशांच्या आसपास. अमेरिकेची पर्सिव्हिअरन्स गाडी १८ फेब्रुवारी २०२१ रोजीं ज्या ठिकाणीं उतरली, तेथें एका जुन्या नदीनें तळ्याच्या मुखाशीं टाकलेला गाळ स्पष्ट दिसतो. आपलेंही मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजीं श्रीहरिकोट्याहून निघून २४ सप्टेंबर २०१४ रोजीं तेथें पोंचलें व २०२२ पर्यंत संदेश पाठवीत राहिलें, हें अभिमानानें सांगावेंसें वाटतें. असो. राहिलेली तांबडी धूळ ही माती नव्हे. तिच्यांत शेणखताचा अंश नाहीं, गांडूळ नाहीं, आणि २००८ सालीं फीनिक्स यानास तिच्यांत पर्क्लोरेट नांवाचे विषारी क्षार सांपडले. खारवट जमीन धुऊन सुधारतां येते. येथें धुण्यास वाहतें पाणीच नाहीं. आमच्या हातीं पाहणीपत्रक असतें तर शेरा एकच पडता: पोटखराब.

नातवांना मंगळावर जावयाचें तर खुशाल जावें, आमची हरकत नाहीं. पण बियाणें, पाणी, हवा आणि माती गांठीं बांधूनच.

आमची काळजी निराळी आहे. पृथ्वीचें खातें आपोआप तोलतें खरें, परंतु लक्षावधि वर्षांच्या मुदतीनें. गेल्या अडीचशें वर्षांत दगडी कोळसा व खनिज तेल जाळून मनुष्यानें हवेंतील या वायूचें प्रमाण दहा लक्षांत २८० भागांवरून ४२० च्या वर नेलें. कातळाची झीज इतक्या घाईनें तें खर्ची घालूं शकत नाहीं. दुसरीकडे कातळाची काळी होण्यास हजारों वर्षें लागतात, आणि उताराच्या शेतांत बांध फुटला तर एका वळिवांत बोटभर थर मन्याडेस मिळतो. त्या पाण्याचा काळा रंग पाहून आमच्या पोटांत खड्डा पडतो.

सध्यां बसाल्टची भुकटी शेतांत पसरून हा वायु बांधावा, असे प्रयोग चालले आहेत. आपल्या देशांतील लहान शेतकऱ्यांबरोबर हें काम करणाऱ्या माटी कार्बन या संस्थेस २०२५ सालीं पांच कोटी डॉलरचें आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालें. आंबट जमिनींत ही भुकटी लवकर विरघळते व पिकासही लाभते. आपली काळी मुळांतच याच दगडाची, चुनखडीची व क्षाराकडे झुकणारी. तिच्यांत भुकटी मंद विरघळते. तेव्हां खडी-केंद्राचा कोणी दलाल गाडीभर भुकटी घेऊन दारीं आला, तर आधीं मातीची तपासणी करून घ्यावी, आणि घ्यावीशी वाटलीच तर गुंठाभरावर पाहून मग पैसे मोजावेत. तूर्त आम्ही आमच्या तीन एकरांत उताराला आडवी पेरणी धरली आहे, आणि खालच्या अंगाचा बांध मृगापूर्वीं चढवून घेत आहों.