चार तंतुवाद्यें आणि नवी रचना

दोन व्हायोलिनें, त्यांहून किंचित् खर्जाचा व्हायोला आणि खालच्या सप्तकांत घुमणारा चेलो, या चार वाद्यांच्या मेळास पाश्चात्त्य संगीतांत ‘स्ट्रिंग क्वार्टेट’ म्हणतात. मराठींत तंतुवाद्य-चतुष्क म्हणतां येईल. अठराव्या शतकांत हायडननें या प्रकाराला घाट दिला. आपल्याकडील मैफलींत एक मुख्य आणि बाकीचे साथीदार असतात. येथें चौघेही बरोबरीचे. गटेनें यास चार सुज्ञ माणसांच्या संभाषणाची उपमा दिली आहे.

जुन्या मान्य रचनांच्या शेजारीं मुद्दाम लिहवून घेतलेली नवी रचना वाजविण्याची प्रथा आज पश्चिमेकडे रूढ आहे. अमेरिकेंतील क्रोनोस चतुष्कानें १९७३ पासून अशा हजारावर रचना करवून घेतल्या. जुनें ऐकावयास आलेल्या श्रोत्यास ही सक्ती वाटते खरी. परंतु बेथोव्हेनचीं ‘रझुमोव्स्की’ चतुष्कें सुद्धां १८०६ सालीं एका रशियन वकिलाच्या फर्माइशीवरूनच लिहिलीं गेलीं, आणि त्या वेळच्या जाणकारांना तीं दुर्बोध वाटलीं!

मुंबईंतही असा प्रयोग झाला आहे. वॉल्टर कॉफमन हा यहुदी संगीतकार १९३४ सालीं मध्य युरोपांतून मुंबईस आला आणि त्यानें त्याच वर्षीं ‘बॉम्बे चेंबर म्यूझिक सोसायटी’ काढली. मेहली मेहता व्हायोलिन वाजवीत, कॉफमन पियानोवर असे. तेथें युरोपच्या अभिजात रचनांबरोबर कॉफमनच्या ताज्या रचनाही ऐकूं येत. त्या कोणी सांगून लिहविलेल्या नव्हत्या, एवढाच काय तो फरक. आकाशवाणीची परिचित सूचक धून त्याचीच मानली जाते.

भारतीय संगीताच्या तबकड्या प्रथम ऐकल्या तेव्हां त्याला तें संगीत परकें आणि अगम्य वाटलें. तरी त्यानें तें सोडलें नाहीं, उलट पुढें रागांवर मोठे ग्रंथ लिहिले. अडचण मात्र खरी होती. राग एका षड्जाच्या आधारें चालतो. चार स्वरमार्ग एकदम चालूं लागले कीं त्याचें चलन विसकटण्याचें भय. जमेची बाजू ही, कीं या वाद्यांना पडदे नाहींत. मींड निघते, श्रुति साधते. पेटीस हें साधत नाहीं, म्हणून तर नभोवाणीनें १९४० सालीं तिला दाराबाहेर ठेवलें होतें. कॉफमनच्या चतुष्कांत रागाची छाया आहे, राग नव्हे. विस्तार शोधणाऱ्याची तेथें निराशाच होईल.

१९४६ सालीं तो मुंबई सोडून गेला आणि पुढें अमेरिकेंत प्राध्यापक झाला. त्याच्या रचना दीर्घकाळ दुर्लक्षित राहिल्या. टोरोंटोच्या एआरसी आन्सांबलनें २०२० सालीं त्यांतील कांहीं ध्वनिमुद्रित केल्या. त्यांत अकरावें चतुष्क आहे. आधीं हायडनचें एखादें चतुष्क ऐकून मग तें लावावें.