स्लॅबला थर्माकोल, चुना की सावली?

एप्रिलच्या शेवटी बाबांचा फोन आला. घर धाराशिव जिल्ह्यात, वर एकच मजला, त्यावर उघडा स्लॅब. आजीला रात्री झोप लागत नाही, पंखा गरम वारा फेकतो. एका मिस्त्रीने सांगितलंय की आतून थर्माकोलचं सीलिंग मारा, खोली गार होईल. "तू एवढं उष्णतेवर शिकतीस, मग सांग बरं, मारू का?" मी म्हटलं, दोन दिवस द्या. बाबा म्हणाले, हो-नाही सांगायला दोन दिवस कशाला लागतात?

खरं तर दोनाहून जास्तच लागले. पीएचडीला येणाऱ्या ज्युनिअर्सना मी नेहमी सांगते की "सर्वांत चांगलं मटेरियल कोणतं" हा संशोधनाचा प्रश्नच नाही. कोणत्या छपरासाठी, किती वाजता, आणि खाली कोण झोपतंय, हे ठरल्याशिवाय त्याला उत्तर नसतं. घरच्या स्लॅबवर मला हे पुन्हा शिकावं लागलं.

आधी साधा हिशेब मांडू. मे महिन्यात दुपारी सपाट छतावर प्रत्येक चौरस मीटरला साधारण ९०० वॅट ऊन पडतं. जुना करडा सिमेंटचा पृष्ठभाग त्यातलं ६५ टक्के शोषतो. बाहेर हवा ४२ अंश असली तरी छताला जाणवणारं तापमान त्याहून बरंच जास्त असतं. याला सोल-एअर तापमान म्हणतात: शोषलेलं ऊन भागिले पृष्ठभागावरून हवेत जाणाऱ्या उष्णतेचा गुणांक (२० धरू), त्यात हवेचं तापमान मिळवायचं आणि छत आकाशाकडे जी उष्णता टाकतं त्यासाठी ४ अंश वजा करायचे. उत्तर येतं ६७ अंश. तेच छत चुन्याने पांढरं केलं आणि शोषण २५ टक्क्यांवर आणलं, तर ४९. एका बादली चुन्याने १८ अंश!

आता ही उष्णता आत किती येते ते बघू. १२ सेंटिमीटर काँक्रीटचा स्वतःचा रोध फार कमी असतो. वरचा-खालचा हवेचा थर धरूनही यू-व्हॅल्यू ३.४ च्या आसपास येते, म्हणजे दर अंशाच्या फरकाला प्रत्येक चौरस मीटरमधून ३.४ वॅट. खोली ३५ अंशांवर धरली तर करड्या स्लॅबमधून १०९ वॅट प्रति चौरस मीटर आत येतात. दहा बाय बाराची खोली म्हणजे ११ चौरस मीटर. एकूण १२०० वॅट. डोक्यावर एक इस्त्री उलटी लटकवून चालू ठेवली आहे असं समजा.

५ सेंटिमीटर थर्माकोल लावलं की यू-व्हॅल्यू ०.६ च्या खाली येते आणि तेच १२०० वॅट २०० वर येतात. नुसत्या चुन्याने ५०० च्या थोडे वर राहतात. आपल्या इको-निवास संहितेत (२०१८) घराच्या छताची मर्यादा १.२ आहे, उघडा स्लॅब तिच्या जवळपाससुद्धा नाही, थर्माकोलवाला आरामात बसतो. म्हणजे मिस्त्री जिंकला. बाबांना "मारा" म्हणायला मी फोन उचललाही होता.

इथे एक खड्डा आहे, त्यात मी एम.एस्सी.ला पडले होते म्हणून सांगते. अमेरिकी पुस्तकांत माळ्यावर "आर-३८" इन्सुलेशन घाला वगैरे वाचायला मिळतं. तो आर फूट आणि फॅरेनहाइटमधला असतो. आपल्या एककात आणायला ५.६८ ने भागावं लागतं, म्हणजे आर-३८ चे होतात ६.७. मी न भागता तसाच घातला होता आणि माझं छत थर्मासपेक्षा भारी निघालं होतं. शिवाय तिकडे उतरतं छप्पर, त्याखाली हवा खेळणारा रिकामा माळा, आणि इन्सुलेशन माळ्याच्या जमिनीवर, तेही बरंचसं हिवाळ्यासाठी. आपल्या स्लॅबच्या घराला माळाच नाही. तिकडची शिफारस उचलून इथे ठेवता येत नाही.

फोन खाली ठेवला, कारण आजीची तक्रार दुपारची नव्हतीच. ती रात्रीची होती.

वरचा सगळा हिशेब स्थिर अवस्थेचा आहे, जणू ऊन दिवसभर सारखंच पडतंय. प्रत्यक्षात उष्णता लाटेसारखी येते आणि काँक्रीट तिला अडवत नाही, साठवतं. लाटेला जाडी पार करायला लागणारा वेळ काढायचं सूत्र उष्णतावहनाच्या कुठल्याही पुस्तकात मिळेल. १२ सेंटिमीटरला ते सुमारे ३ तास देतं. (सूत्र अनंत जाडीच्या पदार्थाचं आहे, आपल्या स्लॅबखाली मोकळी हवा आहे, म्हणून अंदाजापुरतंच घ्या.) वरचा पृष्ठभाग दुपारी दोनच्या सुमारास सर्वांत तापतो, म्हणजे खालचा पाचच्या पुढे. आणि नंतर तो लगेच गार होत नाही. स्लॅबचा एक चौरस मीटर १५ अंशांनी गार व्हायला साधारण ३६ लाख ज्यूल बाहेर टाकावे लागतात, म्हणजे बरोबर एक युनिट वीज. खोलीभर स्लॅबचे ११ युनिट. त्यातला काही भाग वर आकाशात जातो, उरलेला रात्रभर आजीच्या अंगावर.

अंगावर हा शब्द मी मुद्दाम वापरला. भिंतीवरचं थर्मामीटर फक्त हवेचं तापमान सांगतं. तापलेलं सीलिंग अवरक्त किरण थेट शरीरावर टाकतं, हवा गार असली तरी. हे मोजायचं तर टेबल टेनिसचा चेंडू काळा रंगवा, आत सेन्सर घाला आणि खोलीच्या मध्यावर टांगा. तो हवेपेक्षा किती जास्त दाखवतो तेवढा छताचा जाच. स्वस्तातलं उपकरण आहे, पेपरमध्येही चालतं.

आता थर्माकोल आतून लावलं तर काय होईल? सीलिंगचा जाच नक्की कमी होईल. पण स्लॅब वर तसाच तापणार, उलट जास्तच, कारण त्याची उष्णता खाली जायची वाट बंद झाली. आणि रात्री? पहाटे बाहेर २८ अंश असते, कोरड्या आकाशाकडे छत उष्णता फेकत असतं. स्लॅब एकदा निवला की उघड्या छतातून घराची उष्णता बाहेर जायला लागते, प्रत्येक चौरस मीटरला २५-३० वॅट. थर्माकोल ती वाट ५ वॅटच्या आत आणतं. दिवसभर खिडक्या-भिंतींतून आलेली, चुलीची, माणसांची उष्णता मग आतच राहते. एसी असेल तर याने काही बिघडत नाही, उलट बिल वाचतं. आमच्याकडे एक पंखा आहे. स्वयंपाकघराला लागून खोली, आणि आगीच्या जवळ थर्माकोल असणं मला तरी पटत नाही.

म्हणून पंख्याच्या घरात क्रम उलटा लागतो: आधी ऊन शोषूच द्यायचं नाही, मग उरलेलं अडवायचं. इन्सुलेशन घालायचंच असेल तर स्लॅबच्या वर, म्हणजे स्लॅब स्वतः थंड राहतो आणि घराच्या बाजूने काम करतो. पण मग त्यावर वॉटरप्रूफिंग आणि फरशी आली, खर्च आला.

पत्र्याच्या घराचं गणित याहून वेगळं, आणि आपल्याकडे पत्रे खूप, म्हणून थोडं थांबते. पत्रा काहीच साठवत नाही. ऊन आलं की मिनिटांत तापतो, गेलं की निवतो. ६५ अंशांचा पत्रा ४० अंशांच्या खोलीकडे किरणांनी सुमारे १६० वॅट प्रति चौरस मीटर टाकतो. गरम बाजू वर असल्याने हवेचं अभिसरण जवळपास थांबतं, आणि किरण हाच मुख्य मार्ग उरतो. पत्र्याखाली दोन-तीन इंच जागा सोडून ॲल्युमिनियमची फॉइल ताणली तर तेच १६० वॅट १० वर येतात, कारण चकचकीत ॲल्युमिनियमची उत्सर्जकता ०.०५ असते. जागा मात्र सोडलेली बरी. फॉइल पत्र्याला चिकटवली की चिकटलेल्या बाजूने ती फक्त वाहक. आणि इन्फ्रारेड गनने चकचकीत पत्रा मोजू नका, आकडा खोटा येतो. पत्र्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून टेपचं तापमान घ्या. हे माहीत नसल्याने मी एक अख्खा आठवडा वाया घालवला आहे.

हे सगळं आजीला सांगत होते तर ती म्हणाली, "आमच्या माळवदात कधी उकडलं नाही बघ." बरोबरच आहे तिचं. लाकडाच्या तुळया, फळ्या आणि वर दीड फूट माती. त्याच सूत्रात ४५ सेंटिमीटर माती घातली तर लाट खाली पोचायला चौदा-पंधरा तास लागतात आणि पोचते तेव्हा तिचा २ टक्के भाग उरतो. दिवस-रात्रीचा फरक आतल्या माणसाला कळतच नाही. कोणत्याही दुकानात मिळणाऱ्या पाच सेंटिमीटरच्या शीटने हे स्थैर्य एकट्याने येत नाही.

पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात तीच माती आणि दगडाच्या जाड भिंती झोपलेल्या लोकांवर कोसळल्या. हजारो गेले. दीड फूट माती म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर पाऊण टन वजन. आमचं माळवद पडलं नाही, पण त्यानंतर आजोबांनी ते उतरवलं आणि पत्रे टाकले, पुढे बाबांनी स्लॅब घातला. उष्णतेच्या आलेखात माळवद पहिलं येतं. आलेखात वजनाचा अक्ष नाही, म्हणून येतं. तुम्ही सिनॉप्सिस लिहाल तेव्हा कोणते अक्ष तुम्ही काढलेच नाहीत हे गाइडच्या आधी स्वतःला विचारून बघा.

बाबांना शेवटी काय सांगितलं? सीलिंग नको. गच्ची घासून धुवा, चुन्यात थोडा फेविकॉल मिसळून दोन हात मारा. आजीच्या खोलीवर दोन-अडीच फूट उंच बांबू बांधून हिरवी जाळी टाका. जाळीखालून वारा वाहिला पाहिजे, स्लॅबवर अंथरायची नाही. संध्याकाळी सातनंतर जाळी गुंडाळून ठेवा, नाहीतर तीच आकाश झाकते. दोन्ही खिडक्या रात्री उघड्या, सकाळी आठला बंद.

बाबांनी चुना मारला, जाळीही टाकली. गुंडाळायला मात्र रोज विसरतात. मी काळा चेंडू कुरिअरने पाठवला आहे आणि आजीला रात्री नऊ आणि पहाटे पाचचा आकडा वहीत लिहायला सांगितलंय. चुना पावसाळ्यात धुऊन जाईल, धुळीने त्याआधीच मळेल, तेव्हा पुढच्या मार्चमध्ये पुन्हा मारावा लागेल. मधल्या काळात जाळी उघडल्याच्या आणि झाकलेल्या रात्री वेगळ्या करून बघते. बाबांच्या विसराळूपणामुळे दोन्ही प्रकारचा डेटा आपोआप मिळतोय.