फौजी बँडमधले पाच जण

महाड-पोलादपुरातून फौजेत माणसे गेली, हे नवे नाही. फौजी आंबवडेच्या तर नावातच फौज आहे. पण फौजेत वाजवणारेही लागतात आणि तिथे आता मुलींनाही जागा आहे. म्हणून आजचा विषय फौजी बँड.

२६ जानेवारीला टीव्हीवर दिसतो तो मोठा बँड. कार्यक्रमात किंवा मेजवानीत बसून वाजवायचे, तर अशा बँडमधून लहान गट निघतात. त्यातला एक फुंकून वाजवायच्या पाच वाद्यांचा. फ्लूट म्हणजे आडवी धरायची धातूची बासरी. ओबो सनईच्या नात्यातला. दोन्हींची दुहेरी पत्ती ओठांत धरून फुंकतात. क्लॅरिनेटला एकच पत्ती. लग्नाच्या बँडमध्ये आपण ते ऐकतो. बॅसून उंच, खर्जातले. पाचवा फ्रेंच हॉर्न, पितळी वेटोळ्याचा.

मोठ्या बँडमध्ये एक ओळ अनेकजण वाजवतात, एखादा चुकला तरी झाकून जाते. इथे प्रत्येकाची ओळ वेगळी आणि समोर हात हलवणारा कोणी नाही. एकमेकांकडे बघून, एकदम श्वास घेऊन सुरुवात करायची. आपल्या खालुबाजातही सनई, ढोल असेच एकमेकांना सांभाळून घेतात.

अमेरिकेच्या मरीन सैन्याचा बँड १७९८ सालचा. त्यात पहिली बाई आली १९७३ साली, आणि ती फ्रेंच हॉर्न वाजवणारी होती. आपल्याकडे नौदल आणि हवाई दलाने २०२४ मध्ये अग्निवीर संगीतकार भरती अविवाहित मुलामुलींसाठी काढली. अट दहावी पास आणि वाद्य वाजवता येणे. नौदलाच्या भरतीत सूर-तालाची पारखही होती. नौदलाची संगीत शाळा मुंबईतच आहे, कुलाब्याला, आयएनएस कुंजालीत.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ही नोकरी चार वर्षांची. पुढे शंभरातल्या जास्तीत जास्त पंचवीस जणांनाच कायम करतात. आणि वय-उंचीच्या अटी बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात वाचून घ्या. दलालाला एक रुपया देऊ नका.

वाद्य महिन्या-दोन महिन्यांत येत नाही. म्हणून आठवी-नववीतली पोर शाळेच्या बँडमध्ये जाते म्हणाली, तर “मुलीच्या जातीला फुंकायचे वाद्य कशाला?” असे म्हणू नका. गावातल्या बँडवाल्या दादांकडे तिला शिकायला पाठवा. पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा.