श्वानगृह आणि लस

परगावी जाताना आपण कुत्रा श्वानगृहात ठेवतो आणि आदल्या दिवशी घाईने त्याला लस टोचून आणतो. तिचा त्या मुक्कामात फारसा उपयोग नाही. लस शरीराला रोगजंतूची ओळख करून देते; प्रतिकाराचे बळ यावयास साधारण दोन आठवडे लागतात. पिलांच्या अंगी आईकडून आलेले बळ तर लशीलाच निष्प्रभ करते. म्हणून त्यांना १६ आठवड्यांची होईपर्यंत ती पुन्हा पुन्हा टोचावी लागते. श्वानगृहाच्या चालकाने दाखला मागितला की आपण चिडतो. आम्हांला धास्ती वाटते ती न मागणाऱ्याची! १९७८ साली जगभर पसरलेल्या पार्व्होचे विषाणू, आजारी कुत्रा निघून गेल्यावरही, तेथल्या मातीत महिनोन् महिने जिवंत राहतात.