वसंतराव चाळिशीत गायक झाले नाहीत

अर्धापूर-नांदेड भागात एखाद्या पोरानं शास्त्रीय गाणं शिकायचं म्हटलं, की घरातलं कुणीतरी मोठं माणूस एक दाखला हमखास देतं. "वसंतराव देशपांडे बघ. आयुष्यभर नोकरी केली, चाळिशी उलटल्यावर गाण्यात आले आणि 'कट्यार'नं केवढं नाव झालं! तूही आधी लातूरला जाऊन 'नीट' परीक्षेचं बघ, पायावर उभा राहा. गाणं कुठं पळून चाललंय?"

'मी वसंतराव' हा चित्रपट २०२२ मध्ये आल्यापासून हा दाखला जरा जास्तच ऐकू येतो. देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पोराच्या भाकरीची काळजी असते, हे मला मान्य आहे. पण दाखला साफ चुकीचा आहे, आणि त्याच्या जोरावर गाण्याची कोवळी वर्षं वाया जातात, म्हणून आता गप्प बसवत नाही.

तारखाच लावून बघू. वसंतरावांचा जन्म २ मे १९२० चा, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचा. बालपण नागपुरात गेलं आणि तिथंच शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांची तालीम सुरू झाली. १९३५ साली भालजी पेंढारकरांच्या 'कालियामर्दन' चित्रपटात कृष्णाची भूमिका त्यांनी केली. तेव्हा वय पंधरा. ज्यांना शंका असेल त्यांनी त्या चित्रपटाची श्रेयनामावली पाहावी. पुढं ते लाहोरला गेले. तिथं असद अली खाँ यांनी त्यांच्याकडून मारवा राग घोटून घेतला. लोक ज्याला वसंतरावांचा मारवा म्हणतात, त्याचं मूळ या कोवळ्या वयातल्या तालमीत आहे. नंतर किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने, भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ अशा गुरूंकडून ते घेत राहिले, आणि दीनानाथ मंगेशकरांच्या गायकीचा ठसा तर त्यांनी कधीच लपवला नाही.

आता नोकरी. पुण्यात मिलिटरी अकाउंट्समध्ये त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ कारकुनी केली, हे खरंच आहे. पण त्या काळात गाणं बाजूला ठेवलेलं नव्हतं. तालीम चालू होती, मैफली चालू होत्या, चित्रपटांसाठीही ते गात होते. पगारानं घर चालत होतं आणि उरलेला वेळ गाण्याचा होता. साठच्या दशकात त्यांनी नोकरी सोडली ती गाणं सुरू करायला नव्हे, पूर्ण वेळ गाता यावं म्हणून. 'कट्यार काळजात घुसली' १९६७ च्या डिसेंबरात रंगमंचावर आलं, तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका वसंतरावांची. गोंधळ होतो तो इथंच. नाव होण्याचं वय आणि सुरुवातीचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला नाव झाल्याचा दिवस दिसतो. त्याआधीची तीस-पस्तीस वर्षं दिसत नाहीत, म्हणून ती नव्हतीच असं आपण ठरवून टाकतो.

आणि ती भूमिका तरी कसली! दोन घराण्यांच्या गायकीतली चुरस हाच त्या नाटकाचा विषय. प्रयोगामागून प्रयोग त्या ताकदीनं गायचं, वर संवाद म्हणायचे, उर्दू लहेजा सांभाळायचा. चाळिशीत पहिल्यांदा तंबोरा हातात घेतलेल्या माणसाकडून हे होईल असं ज्यांना वाटतं, त्यांनी अर्धा तास नुसता षड्ज लावून बसावं. चाळिशीत शिकायला बसू नये, असं मी म्हणत नाही. जरूर बसावं, आनंदासाठी बसावं. पण त्यासाठी वसंतरावांचं नाव घेऊ नये. त्यांच्या आयुष्यातून घ्यायचंच असेल, तर नोकरीसोबत रियाज कसा टिकवायचा ते घ्या. नीटची तयारी करणाऱ्या मुलालाही रोज पहाटे पाऊण तास देता येतो. मी अशी मुलं पाहिली आहेत.

याच्या उलट टोकाचा समजही तितकाच घातक आहे: टीव्हीवरच्या स्पर्धेत विशीच्या आत झळकलं नाही, तर संपलं. कुमार गंधर्वांसारखी लहानपणीच गाजलेली माणसं आहेत. पण भीमसेन जोशींनीही सवाई गंधर्वांकडे कुंदगोळला वर्षानुवर्षं तालीम घेतली, तेव्हा कुठं मैफल हाती आली. युरोपातल्या ऑपेरातही हेच. तिथले गायक विशीत बहुतेक करून शिकतच असतात आणि जड भूमिका तिशीनंतर घेतात, कारण तोवर आवाज पुरता पिकत नाही. मूळच्या गोवेकर कुटुंबातल्या, मुंबईत जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ लंडनच्या गिल्डहॉल स्कूलमध्ये रीतसर शिकूनच त्या रंगमंचावर उभ्या राहिल्या.

गाण्याबद्दल असे आणखीही काही चुकीचे समज कानावर येतात. ऑपेरा म्हणजे किंचाळणं, हा त्यातलाच एक. योहान सुंडबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञानं १९७७ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये मांडून दाखवलं आहे, की तयार गायक कंठाची आणि घशाची ठेवण साधून ३,००० हर्ट्झच्या आसपास आवाजाला धार आणतो. वाद्यवृंदाचा जोर तिथं कमी असतो, म्हणून माइकशिवाय तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. ओरडून हे होत नाही, उलट गळा बसतो.

नाटकातले गायक शास्त्रीय नव्हते म्हणणाऱ्यांनी बालगंधर्वांचे गुरू कोण होते ते पाहावं: शास्त्रीय गायक भास्करबुवा बखले.

विशारद झालं म्हणजे गायक झालं, हाही भ्रम. विशारद ही परीक्षा आहे, मैफल वेगळी.

आणि केळ्यानं गळा बसतो म्हणे! अर्धापुरात, जिथं बागाच केळीच्या, तिथं हे ऐकून मन विटतं. अन्न अन्ननलिकेतून जातं, आणि गिळताना स्वरतंतू मिटलेले असतात. गळा बिघडतो तो ओरडण्यानं, जागरणानं, धूम्रपानानं आणि पाणी कमी प्यायल्यानं.

राहिला शेवटचा समज: "मराठवाड्यात शास्त्रीय गाणं कुठलं?" पंडित नाथराव नेरळकर नांदेडचे. अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकले, औरंगाबादच्या सरस्वती भुवन महाविद्यालयात पिढ्या घडवल्या आणि संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही मिळवला. नांदेड ते अर्धापूर अंतर एसटीनं तासाभराचंही नाही.