शंखवासी खेकड्यांच्या निकटवर्ती जातींची ओळख : लक्षणांचे मोल कसे ठरवावे

रिकाम्या शंखात उदर लपवून राहणाऱ्या खेकड्यांना इंग्रजीत ‘हर्मिट क्रॅब’ म्हणजे एकांतवासी खेकडे असे म्हणतात. मराठीत त्यांना शंखवासी खेकडे म्हणणे अधिक अन्वर्थक होय, कारण एकांताची आवड अशी या प्राण्यांत मुळीच दिसत नाही. उलट ते पुष्कळदा थव्यांनीच वावरतात. दशपाद गणातील या समूहाची कुले ओळखणे फारसे कठीण नाही. प्रजातीपर्यंतही काळजीपूर्वक काम करणारा विद्यार्थी पोहोचतो. खरी अडचण येते ती एकाच प्रजातीच्या दोन निकटवर्ती जाती वेगळ्या करताना. या पायरीवर झालेली चूक पुढे सुधारली जात नाही. वाढीचा वेग, प्रजननाचा हंगाम, शंखाची निवड यांवर वर्षभर निरीक्षणे केली आणि नमुन्यांत दोन जातींची सरमिसळ झालेली असली, तर त्या सर्व आकड्यांतून निघणारी सरासरी प्रत्यक्षात कोणत्याच जातीची नसते.

प्रथम शरीररचनेचे स्थूल स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. पृष्ठवर्माचा फक्त पुढचा भाग टणक असून त्यास ढाल म्हणतात. मागचा भाग आणि उदर मऊ असते. बहुसंख्य शंख उजवीकडे वळणारे असल्याने उदरालाही तसाच पीळ पडलेला असतो व उदरपाद बहुधा डाव्या बाजूसच शिल्लक राहिलेले असतात. पायांच्या पाच जोड्यांपैकी पहिलीच्या नांग्या (कोकणात ज्यांना डेंगे म्हणतात त्या) झालेल्या असतात, दुसरी व तिसरी चालण्यासाठी असते, आणि चौथी व पाचवी आखूड होऊन शंखाच्या आतील बाजूस रेटा देण्याच्या कामी येते. मादीची जननरंध्रे तिसऱ्या पायांच्या मूळखंडावर व नराची पाचव्या पायांच्या मूळखंडावर असतात. उदर मऊ व लवचीक असल्याने एकूण लांबीचे माप निरर्थक ठरते. म्हणून सर्व मोजमापे ढालीच्या लांबीशी ताडून देण्याचा प्रघात आहे.

कोकणच्या खडकाळ व चिखलाळ किनाऱ्यावर सामान्यतः हाती येणारे नमुने डायोजेनिडी कुलातील असतात. त्यांत क्लिबानेरियस या प्रजातीच्या दोन्ही नांग्या जवळजवळ सारख्या असतात, त्यांची बोटे आडव्या पातळीत उघडतात आणि बोटांची टोके काळसर, शृंगमय असतात. कॅल्सिनस प्रजातीची डावी नांगी मोठी व बोटांची टोके चुनखडीयुक्त असतात. डायोजेनिस प्रजातीतही डावीच नांगी मोठी असते. परंतु दोन नेत्रदंडांच्या मुळाशी असलेल्या पत्रकांच्या मधोमध एक हलणारा चंचुसदृश प्रवर्ध असतो, आणि तो एकदा दिसला की शंकेस जागा उरत नाही. प्रजातिलक्षणांचे हे असे आहे : ती असतात किंवा नसतात. जातिलक्षणे बहुधा प्रमाणाची असतात, म्हणजे कमी किंवा अधिक, आखूड किंवा लांब, गुळगुळीत किंवा खडबडीत. विद्यार्थी निदानतक्ता वापरताना प्रजातीच्या पायरीवर आलेला आत्मविश्वास घेऊन जातीच्या पायरीवर उतरतो, आणि तेथेच फसतो.

या प्रश्नाचा विचार करण्यास सीनोबिटा ही भूचर शंखवासी खेकड्यांची प्रजाती सर्वांत सोयीची आहे. नारळी खेकडा म्हणून प्रसिद्ध असलेला बिर्गस लॅट्रो याच कुलातला. लॅट्रेल याने १८२९ साली स्थापिलेल्या या प्रजातीत आज १५ हून अधिक जाती मानल्या जातात, आणि त्या बाह्यतः परस्परांशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत की नावांचा घोळ जवळजवळ दोनशे वर्षे चालू राहिला आहे. भारताच्या बाबतीत लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार या बेटांवर काम करणाऱ्यास या प्रजातीशी विशेष संबंध येतो.

हिंदी व प्रशांत महासागरांच्या विस्तीर्ण भागात आढळणाऱ्या चार जाती उदाहरणादाखल घेता येतील : सी. रुगोसस, सी. पर्लाटस, सी. कॅव्हिपिस आणि सी. ब्रेव्हिमॅनस. सर्वांची डावी नांगी मोठी असते. तेव्हा या लक्षणाचा येथे काहीच उपयोग नाही. प्रथम पाहावयाची ती या नांगीच्या तळव्याची बाहेरची बाजू. सी. रुगोससमध्ये या बाजूच्या वरच्या भागावर तिरप्या पट्टिकांची एक रांग असते. ती एखाद्या जाड कापडावर घातलेल्या शिवणीच्या टाक्यांसारखी दिसते, आणि ध्वनी उत्पन्न करण्याशी तिचा संबंध जोडला जातो. सी. पर्लाटसमध्येही ती असते. सी. कॅव्हिपिस व सी. ब्रेव्हिमॅनस यांत मात्र ती नसते. दुसरे लक्षण नेत्रदंडाचे : सी. ब्रेव्हिमॅनसचे नेत्रदंड जवळजवळ दंडगोल असतात, तर उरलेल्या तिन्ही जातींत ते दोन्ही बाजूंनी चपटे झालेले असतात. अशा रीतीने केवळ दोन लक्षणांच्या आधारे चारांपैकी दोन जाती वेगळ्या होतात : पट्टिका नाहीत व नेत्रदंड गोल, ती सी. ब्रेव्हिमॅनस, पट्टिका नाहीत पण नेत्रदंड चपटे, ती सी. कॅव्हिपिस. सी. ब्रेव्हिमॅनसची भली मोठी, गुळगुळीत, जांभळट नांगी हे तिसरे लक्षण होय. पण ते दुजोऱ्यापुरतेच वापरावे.

उरलेली जोडी रुगोसस व पर्लाटस ही. येथे रंगाचा प्रश्न उपस्थित होतो. वर्गीकरणाच्या जुन्या परंपरेत रंगास गौण मानले गेले, आणि त्यास सबळ कारणही होते : संग्रहालयात येणारे नमुने मद्यार्कात बुडवलेले असत, त्यांचा रंग काही आठवड्यांतच उडून जाई, आणि जे दिसत नाही त्याचे वर्णन कोण करणार? परंतु या सोयीच्या नियमाचे पुढे तत्त्व झाले, आणि ‘रंग अविश्वसनीय’ हे वाक्य सरसकट उच्चारले जाऊ लागले. वस्तुस्थिती अशी की, पूर्ण वाढलेल्या सी. पर्लाटसचा तांबडा-नारिंगी देह आणि त्यावर विखुरलेल्या मोत्यांसारख्या पांढऱ्या गुटिका यांइतके निःसंदिग्ध लक्षण या प्रजातीत दुसरे क्वचितच असेल. जातीचे नावही त्यावरूनच पडले आहे. याउलट सी. रुगोसस पांढुरका, राखी, तपकिरी, निळसर, हिरवट, जवळजवळ काळा, अशा कोणत्याही रंगात आढळतो. म्हणजे एकाच जोडीतील एका जातीच्या बाबतीत रंग निर्णायक आहे आणि दुसरीच्या बाबतीत निरर्थक. शिवाय पर्लाटसची पिले फिकट असतात. तांबडा रंग वयाबरोबर चढतो. तेव्हा तांबडा, मोत्यांच्या ठिपक्यांचा खेकडा पर्लाटस आहे असे म्हणता येते, पण फिकट खेकडा पर्लाटस नव्हे असे म्हणता येत नाही. लक्षणाच्या अस्तित्वावरून निघणारे अनुमान त्याच्या अभावावरून उलटे करून वापरणे हा तर्कदोष प्रबंधांतून वारंवार दिसून येतो.

पट्टिकांच्या बाबतीतही अशीच सावधगिरी हवी. अगदी लहान नमुन्यांत त्या स्पष्ट नसतात. त्याहून मोठा धोका पुनर्जननाचा. शंखवासी खेकड्याची नांगी झटापटीत तुटली तर कात टाकताना नवी फुटते. ती पहिल्याने लहान असते, तिचे पृष्ठभागावरील कोरीवकाम अपुरे असते, आणि नांग्यांच्या परस्पर आकारांचे प्रमाणही बदललेले असते. असा नमुना निदानतक्त्यात घातला की तो हमखास चुकीच्या वाटेने जातो. यावर उपाय एकच : एका नमुन्यावरून जात ठरवू नये, आणि दोन्ही नांग्यांची व चालपादांची तुलना करून नांगी मूळची आहे की नवी फुटलेली हे आधी पाहावे.

नराच्या पाचव्या पायांचे मूळखंड हे वयाने प्रौढ नमुन्यांत फार उपयोगी पडणारे लक्षण होय. सीनोबिटाच्या काही जातींत जननरंध्राभोवतीचा भाग नळीसारखा लांबलेला असतो, आणि या नळ्यांची लांबी व दोन बाजूंमधील विषमता जातीनुरूप भिन्न असते. सी. रुगोससमध्ये उजवी नळी डावीपेक्षा स्पष्टपणे लांब असते, सी. ब्रेव्हिमॅनसमध्ये असा फरक दिसत नाही. प्रजननाशी निगडित अवयव शंखाच्या घर्षणाने किंवा परिसराच्या परिणामाने सहसा बदलत नाहीत, म्हणून त्यांचे मोल अधिक. पण हे लक्षण माद्यांना लागू नाही, लहान नरांतही नाही. आणि ते पाहण्यासाठी प्राणी शंखाबाहेर काढावा लागतो. जिवंत खेकडा ओढून काढू पाहिल्यास तो उदर तुटेपर्यंत शंख सोडत नाही. लवंगतेलाने किंवा थंडीने बधिर करावा, अथवा शंख पेचात धरून हळूहळू फोडावा.

लक्षणांचे मोल न ठरवता नावे दिल्यास काय होते, याचे उत्तम उदाहरण सी. क्लिपिएटस या नावाचे आहे. फॅब्रिशियसने १७८७ साली दिलेले हे नाव आज वेस्ट इंडीज व त्याभोवतालच्या अटलांटिक किनाऱ्यावरील जातीसाठी रूढ आहे. या जातीचीही नांगी मोठी, गुळगुळीत, जांभळी असते, पट्टिका नसतात, नेत्रदंड गोलसर असतात. डॅनाने १८५२ मध्ये वर्णिलेल्या सी. ब्रेव्हिमॅनसशी तिचे साम्य किती आहे हे वरील वर्णनावरून ध्यानी येईलच. परिणामी हिंद-प्रशांत भागावरील जुन्या लिखाणात ब्रेव्हिमॅनसलाच क्लिपिएटस म्हटले गेले, आणि खऱ्या वेस्ट इंडियन जातीस सी. डायोजेनिस असे दुसरेच नाव मिळाले. दोन महासागरांतील दोन जाती, आणि नावांची अदलाबदल! आजचा संशोधक जुन्या सूचीवरून निकोबारच्या खेकड्यास क्लिपिएटस म्हणाला, तर त्याने नकळत अटलांटिकमधला प्राणी बंगालच्या उपसागरात आणून सोडलेला असतो. भारतीय शंखवासी खेकड्यांच्या अभ्यासास कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममधील अल्कॉक यांची १९०५ ची सूची अद्याप पायाभूत आहे. मात्र तिच्या काळाची नावे आजच्या नावांशी ताडून मगच वापरावी.

अलीकडच्या काळात केंद्रकाम्लांच्या तुलनेची पद्धत हाती आल्यावर या शास्त्रात पुन्हा हालचाल झाली आहे. राहायू, शिह व एंग यांनी २०१६ मध्ये सिंगापूर, मलेशिया व इंडोनेशिया येथून सी. लिला ही नवी जात वर्णिली. ती तोपर्यंत सी. कॅव्हिपिस म्हणूनच नोंदली जात होती. म्हणजे ‘पट्टिका नाहीत, नेत्रदंड चपटे’ हे वर दिलेले सूत्र आग्नेय आशियात एका जातीवर नव्हे, तर निदान दोन जातींवर येऊन थांबते. तक्ता चूक नव्हता. तो त्या काळी ठाऊक असलेल्या जातींपुरता बरोबर होता. नाकासोने यांनी १९८८ मध्ये फिलिपीन्समधून वर्णिलेल्या जातीस सी. स्यूडोरुगोसस, म्हणजे छद्मरुगोसस, हे नाव दिले, त्यातही हीच कबुली आहे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील क्लिबानेरियस व्हिटॅटसची हकीकत याहून बोधप्रद आहे. रँडल याने १८४० मध्ये क्लि. सिमेट्रिकस ही जात वर्णिली होती, परंतु पुढे ती व्हिटॅटसचे पर्यायनाम मानून बाजूस सारली गेली. नेग्री, लमेत्र व मांतेलातो यांनी २०१४ मध्ये जनुकीय व शारीरिक अशा दोन्ही पुराव्यांनी ती पुन्हा प्रस्थापित केली. चालपादांवरील पट्ट्यांचा रंगविन्यास हे त्यांतील एक भेदक लक्षण ठरले. डोळ्यांदेखत असलेले पट्टे लक्षण म्हणून वापरण्यास पावणेदोनशे वर्षे लागली, यात मद्यार्काच्या बरणीचा वाटा लहान नाही. भारताच्या किनाऱ्यावरही हे काम चालू आहे : गुजरातच्या किनाऱ्यावरून २०१६ मध्ये वर्णिलेल्या डायोजेनिस छापगरी या जातीचे नाव मुंबईचे खेकडेतज्ज्ञ छापगर यांच्या स्मरणार्थ नव्हे, तर त्यांच्या कार्याच्या गौरवार्थ ठेवलेले आहे.

प्रत्यक्ष कामाच्या दृष्टीने यातून काही गोष्टी निष्पन्न होतात. नमुना जिवंत असतानाच नेत्रदंड, शृंगिका, नांग्या व चालपाद यांचे रंग छायाचित्रात आणि शब्दांतही नोंदवावे. छायाचित्रातील रंग प्रकाशानुसार बदलतो, म्हणून शब्द हवेतच. नंतर नमुना ७० ते ७५ टक्के मद्यार्कात ठेवावा. फॉर्मॅलिनमध्ये कवचातील चुना झिजतो व जनुकीय परीक्षणही दुष्कर होते. केंद्रकाम्लाच्या परीक्षणासाठी एका पायाचा तुकडा तीव्र मद्यार्कात वेगळा ठेवणे इष्ट. ढालीची लांबी, लिंग, नांगी मूळची की पुनर्जनित, या तिन्ही गोष्टी प्रत्येक नमुन्यासमोर लिहाव्या. पिलांच्या बाबतीत जात ठरत नसेल तर ‘सी. रुगोसस किंवा सी. पर्लाटस’ असे लिहून ठेवण्यात कमीपणा नाही. आकडेवारीत अशा नमुन्यांचा वेगळा स्तंभ करावा. शंखही टाकून देऊ नये. तो ज्या गोगलगायीचा असेल तिचे नाव ठरवून, त्याच क्रमांकाची चिठ्ठी घालून तो नमुन्याशेजारीच ठेवावा, आणि चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी; शाई मद्यार्कात विरघळते.